जांघेतला हर्निया: मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या रावपुऱ्यात आमचं मेडिकल आहे. दुपारी गर्दी ओसरली की एखादे काका पुढे येतात, मागे कोणी उभं नाही ना ते बघतात, आणि "तो पट्टा असतो ना, कमरेचा नाही, त्याच्या खालचा" असं म्हणतात. विचारलं कोणासाठी, तर नेहमी मेव्हण्यासाठी किंवा शेजाऱ्यासाठी. मी फार्मासिस्ट आहे, सर्जन नाही, त्यामुळे तुमच्या गाठीचं निदान इथे होणार नाही, ते डॉक्टरांनी हात लावूनच होतं, पण तेच तेच प्रश्न इतक्या लोकांनी विचारलेत की एकदा सगळं लिहून ठेवलेलं बरं. आपल्याकडे गुजराती डॉक्टर याला सारणगाठ म्हणतात, घरातली म्हातारी माणसं अंतर्गळ म्हणतात, फाइलवर इंग्वायनल हर्निया लिहिलेलं असतं. सगळं एकच.

धावतपळत इमर्जन्सीत कधी जायचं?

हा प्रश्न कोणी पहिला विचारत नाही म्हणून मीच पहिला ठेवलाय. रोज आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ आज जातच नाहीये, कडक झालीये, नुसता हात लावला तरी कळ येतेय, वरची कातडी लाल किंवा काळपट पडलीये, किंवा गाठीसोबत उलट्या होतायत, पोट फुगलंय, गॅस पास होत नाहीये, असं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. 108 लावा नाहीतर रिक्षा पकडा आणि सयाजी किंवा जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल तिथे इमर्जन्सीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आतड्याचा तुकडा त्या भोकात अडकतो, त्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत ते आतडं खराब व्हायला लागतं, मग ते हर्नियाचं साधं ऑपरेशन राहत नाही, आतडं कापून जोडायची वेळ येऊ शकते. जाताना काही खाऊ-पिऊ नका, चहाचा घोटसुद्धा नको, कारण लगेच भूल द्यावी लागू शकते. आणि दुखणारी कडक गाठ घरी जोर लावून आत ढकलायची नाही, हे पेनकिलर घेऊन झोपून जाणाऱ्यांना खास सांगतोय.

अजून एक, तरुण मुलाच्या अंडकोशात अचानक जोरात दुखायला लागलं तर तो हर्निया नसून गोटीला, म्हणजे वृषणाला, पीळ पडलेला असू शकतो. त्यातही हातात मोजकेच तास असतात, तेव्हा लाजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

हर्निया म्हणजे नेमकं होतं काय?

पोटाच्या भिंतीत कुठेतरी कमजोर जागा तयार होते आणि आतली चरबी किंवा आतडं त्यातून बाहेर डोकावतं, बस. पण जांघेतच इतक्या जणांना का होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मुलगा आईच्या पोटात असताना त्याची वृषणं पोटात तयार होतात आणि जन्माच्या आधी खाली अंडकोशात उतरतात. उतरायची वाट म्हणजे जांघेतला साधारण चार सेंटीमीटरचा एक तिरका बोगदा, त्यातून पुढे आयुष्यभर वृषणाची नळी आणि रक्तवाहिन्या जातात, लेंग्याच्या नेफ्यातून नाडी जाते तशा. आता नेफ्याचं तोंड सगळ्यात आधी उसवतं हे कोणालाही माहीत आहे.

याचे दोन प्रकार. वृषण उतरल्यावर जी वाट बंद व्हायला हवी होती ती पूर्ण बंद झालीच नाही आणि त्याच वाटेने आतडं घुसलं तर तो इनडायरेक्ट, हा लहान मुलांत आणि तरुणांत जास्त, आणि उतरत उतरत अंडकोशापर्यंत जाऊ शकतो. मागची भिंतच वयाने पातळ होऊन सरळ पुढे फुगली तर तो डायरेक्ट, हा पन्नाशी-साठीनंतरच्या लोकांचा. ऑपरेशन दोघांचं जवळपास सारखंच असतं त्यामुळे रिपोर्टवर यातलं काय लिहिलंय याचं टेन्शन घेऊ नका.

पण मला तर बाटला उचलल्यामुळे झाला ना?

सगळ्यांना असंच वाटतं. भरलेला गॅसचा बाटला जवळजवळ तीस किलोचा असतो, तो तिसऱ्या मजल्यावर चढवला, आंघोळीला गेले तर जांघेत फुगवटा दिसला, मग दोष बाटल्याला. खरं म्हणजे कमजोर जागा आधीपासूनच होती, त्या दिवशी ती नजरेला आली एवढंच. पोटातलं प्रेशर वर्षानुवर्षं वाढवणाऱ्या गोष्टी आहेत, म्हणजे जुना खोकला, रोज संडासात जोर लावणं, प्रोस्टेटमुळे लघवीला कुंथावं लागणं, आणि त्यात बिडी-सिगरेट, जिच्यामुळे खोकला तर येतोच पण भिंतीचे धागेही कमजोर होतात. वडिलांना किंवा भावाला असेल तर तुम्हाला व्हायची शक्यता जास्त. बाकी काहीच केलं नाही तरी होतो. चार पुरुषांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी होतो असा अंदाज आहे, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमधे किती जण गप्प बसलेत ते बघा.

उजवीकडेच का होतो जास्त?

उजवं वृषण उशिरा उतरतं आणि त्या बाजूची वाट उशिरा बंद होते, असं कारण सांगतात. डावीकडे होत नाही असं नाही, आणि बऱ्याच जणांना दोन्हीकडे होतो.

रात्री झोपलो की गाठ गायब होते, म्हणजे बरा होतोय का?

नाही हो. झोपल्यावर आतडं आपल्या जागी परत जातं म्हणून गाठ दिसत नाही, भोक तिथेच आहे. सकाळी सपाट आणि संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी लिंबाएवढी, हे हर्नियाचं अगदी टिपिकल वागणं. दिवसभर उभं राहणाऱ्यांना, म्हणजे शिक्षक, दुकानदार, स्वयंपाकी, यांना संध्याकाळी तिथे जड वाटतं, ओढ लागल्यासारखं होतं, जळजळही होते. काहींना काहीच होत नाही, नुसती गाठ. मोठ्यांमधे हा आपोआप कधीच भरून येत नाही.

डॉक्टर काय तपासतात? मला फार लाज वाटते.

सांगतो म्हणजे आधीच मनाची तयारी होईल. डॉक्टर तुम्हाला उभं करतात, पँट खाली करायला लावतात, खोकायला सांगतात आणि जांघेवर हात ठेवतात. खोकल्याबरोबर हाताला धक्का लागला की बहुतेक वेळा निदान झालं. मग आडवं करून गाठ आत जाते का ते बघतात. पुरुषांमधे अंडकोशाच्या वरून बोटाने बोगद्याचं तोंडही चाचपतात. दोन मिनिटांचं काम, आणि त्यांनी सकाळपासून असे चार जण बघितलेले असतात. घरीच फोटो काढून नेलात तर तोही दाखवा, कारण दवाखान्यात गेल्यावर नेमकी गाठ येत नाही हे नेहमीचं आहे.

सोनोग्राफी सगळ्यांना लागत नाही. गाठ हाताला लागत नाही पण दुखतंय, किंवा बाई आहे, किंवा वजन जास्त असल्यामुळे नीट कळत नाही, तेव्हा करतात, आणि तीही उभं राहून आणि जोर लावायला सांगून केलेली असली तरच उपयोगी, शांत आडव्या माणसात छोटा हर्निया निसटतो.

आणि जांघेतली प्रत्येक गाठ हर्निया नसते. पायाला जखम झाली की तिथे लिम्फ नोड सुजतात. अंडकोशात पाणी भरलं तर ते हायड्रोसिल, त्यात सुजेच्या वर बोटं ठेवून ती चिमटीत धरता येते, आणि अंधारात टॉर्च लावली तर ती लालसर उजळते. हर्नियात सूज वर जांघेत शिरलेली असते म्हणून वरून चिमटी बसतच नाही. मात्र हे प्रयोग घरी करून स्वतःच निर्णय देऊ नका, तान्ह्या बाळाचं तर आतडंसुद्धा टॉर्चने उजळतं.

मग पट्टा द्या ना एखादा.

देईन, माझा धंदाच आहे, पण आधी ऐका. पट्टा गाठीला बाहेरून दाबून ठेवतो. भोक बंद करत नाही, लहान करत नाही, आणि आतडं अडकणारच नाही याची गॅरंटीही देत नाही. वर्षानुवर्षं घातला तर कातडी आणि खालचा भाग चिवट होतो आणि नंतर ऑपरेशन करणाऱ्याला त्रास. सगळ्यात वाईट म्हणजे गाठ बाहेर असतानाच लोक वरून पट्टा आवळतात, आतडं मधल्यामधे चेपतं. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांवर आहे आणि तोवर दुकानात उभं राहणं सुटत नाही, किंवा तब्येत अशी आहे की ऑपरेशन होऊच शकत नाही, अशा वेळी डॉक्टरांनीच सांगितलं असेल तर सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, आडवं असताना, गाठ पूर्ण आत गेल्यावरच घालायचा. साइज जांघेचं आणि कमरेचं माप घेऊन. "मेव्हण्यासाठी" अंदाजाने नेलेला पट्टा बसत नाही, आठवड्याने परत येतो आणि वापरलेला पट्टा आम्ही परत घेत नाही.

काढा, आयुर्वेदिक गोळ्या, लेप, योगासनं, काहीतरी असेल की?

कातडीखालच्या भिंतीतलं भोक गोळीने शिवलं जात नाही. खोकला कमी करणारं, पोट साफ ठेवणारं कुठलंही औषध मदत करतं, मग ते आयुर्वेदिक असो की ॲलोपथी, पण तेवढीच मदत. वजन कमी केलं, सिगरेट सोडली तर ऑपरेशनचा रिझल्ट चांगला येतो. योगाचं म्हणाल तर नौली, कपालभाती, मयूरासन असली पोटावर ताण देणारी आसनं हर्निया असताना करू नका. कमाटीबागेत सकाळी चालायला काहीच हरकत नाही. "बिना ऑपरेशन सात दिवसांत सारणगाठ गायब" असं रिक्षाच्या मागे लिहिलेलं दिसतं ना, ते वाचा आणि पुढे चला.

ऑपरेशन केलंच नाही तर?

हा खरा महत्त्वाचा प्रश्न आणि याचं उत्तर लोक दोन्ही टोकांना जाऊन देतात. कोणी म्हणतं उद्याच कर नाहीतर आतडं सडेल, कोणी म्हणतं आमच्या आजोबांनी चाळीस वर्षं तशीच काढली.

अमेरिकेत याच्यावर मोठी ट्रायल झाली, 2006 मधे छापून आली. जवळजवळ त्रास नसलेले 720 पुरुष घेतले, अर्ध्यांचं ऑपरेशन केलं आणि अर्ध्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. थांबलेल्यांमधे अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनहूनही कमी निघालं, म्हणजे त्रास नसेल तर थांबणं सेफ आहे, घाबरून उद्याच टेबलावर चढायची गरज नाही. पण त्याच थांबलेल्यांपैकी दोन वर्षांत साधारण चौथ्या हिश्श्यानं आणि दहा वर्षांत दोन तृतीयांशांहून जास्त जणांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं, आणि तेही मुख्यतः दुखायला लागलं म्हणून. म्हणजे ऑपरेशन पुढे ढकलता येतं, पण बहुतेकांना कधीतरी करावंच लागतं. माझं मत विचाराल तर पंचेचाळिशीत तब्येत ठणठणीत असताना, सुट्टी बघून, मेडिक्लेम चालू असताना केलेलं बरं की पंच्याहत्तरीत शुगर-बीपी-हार्ट घेऊन केलेलं, ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं त्रास नसलेल्या पुरुषांचं झालं. दुखत असेल, गाठ वाढत असेल, आत ढकलायला वेळ लागायला लागला असेल तर थांबू नका. बायका आणि मुलं यांचा हिशोब वेगळा, तो खाली.

बायकांना पण होतो?

होतो, पुरुषांपेक्षा खूप कमी, पण होतो आणि उशिरा लक्षात येतो कारण घरात कोणाला सांगितलेलंच नसतं. बायकांमधे जांघेच्या घडीच्या खाली फिमोरल नावाचा दुसरा हर्निया असण्याची शक्यता असते, त्याचं भोक अरुंद असल्यामुळे आतडं अडकायचा धोका बराच जास्त. म्हणून बाईच्या जांघेत गाठ असेल तर "बघू थोडे दिवस" चालत नाही, लवकर ऑपरेशन, आणि शक्यतो दुर्बिणीतून, म्हणजे दोन्ही जागा आतून बघता येतात. गरोदरपणात तिथे फुगवटा आला तर ती कधीकधी नुसती फुगलेली शीर असते, बाळंतपणानंतर जाते, म्हणून आधी सोनोग्राफी.

आमच्या बाळाला आहे, तो रडला की जांघेत फुगतं. आजी म्हणते नाणं बांध.

नाणं बांधू नका. आजीचा घोटाळा असा होतो की बेंबीचा हर्निया बाळांमधे बहुतेक वेळा दोन-चार वर्षांत आपोआप बंद होतो, आणि त्याचं श्रेय नाण्याला जातं. जांघेतला आपोआप बंद होत नाही. उलट जितकं बाळ लहान तितका अडकायचा धोका जास्त, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांमधे हा हर्निया बराच आढळतो. म्हणून निदान झालं की फार न थांबता लहान मुलांच्या सर्जनकडे जायचं. ऑपरेशन छोटं असतं, नुसती ती उघडी राहिलेली पिशवी बांधून टाकतात, मोठ्यांसारखी भिंतीला आधार द्यायची जाळी वगैरे काही नाही, मुलं बऱ्याचदा त्याच दिवशी घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी सोफ्यावरून उड्या मारतात.

ओपन करू की दुर्बिणीतून? आणि लेझर?

लेझरचं आधी उरकतो. जाहिरातीत "लेझर हर्निया" लिहिलेलं असलं तरी भोक काही लेझरने बुजत नाही, आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी दुर्बिणीचंच ऑपरेशन करतात. विचारा की जाळी कुठे लावणार आणि कशी, उत्तर मिळालं नाही तर उठून या.

ओपनमधे जांघेवर एक चीर, आतडं आत ढकलून भिंतीवर जाळी बसवतात. लॉस एंजेलिसच्या लिक्टेनस्टाइन नावाच्या सर्जनने 1980 च्या दशकात ही पद्धत रुळवली, त्यात टाक्यांची ओढ बसत नाही, म्हणून दुखतं कमी आणि परत होतो कमी. दुर्बिणीत तीन छोटी छिद्रं, आणि जाळी भिंतीच्या आतल्या बाजूला, यात टॅप (TAPP) आणि टीईपी (TEP) असे दोन प्रकार आहेत, पहिल्यात पोटाच्या पोकळीतून जातात, दुसऱ्यात न जाता. पेशंटला त्याने फारसा फरक पडत नाही.

दोन्हीकडे हर्निया असेल, किंवा आधी ओपन होऊन परत झाला असेल, किंवा लवकर कामावर जायचं असेल तर दुर्बीण चांगली. पूर्ण भूल झेपणार नाही, अंडकोशापर्यंत उतरलेला खूप मोठा हर्निया आहे, किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं आहे, तर ओपन बरं. बाकी सगळ्यात मोठा फॅक्टर म्हणजे सर्जनचा हात कशावर बसलाय. महिन्यातून बऱ्याच ओपन करणारा सर्जन कधीतरी दुर्बीण धरणाऱ्यापेक्षा केव्हाही भारी.

शरीरात प्लास्टिकची जाळी आयुष्यभर? नको वाटतं.

जाळी बहुतेक पॉलिप्रॉपिलिनची असते, टाके घालायच्या धाग्यांतही हेच मटेरियल कित्येक वर्षं वापरतात. शरीराचे धागे तिच्यात गुंफले जातात आणि ती भिंतीचाच भाग होते. इन्फेक्शन होऊ शकतं पण क्वचित.

आपल्या मराठी माणसांचा यात मोठा हात आहे, आणि हे कोणी सांगतच नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर, यांनी बघितलं की गरीब पेशंटला कंपनीची जाळी परवडत नाही, तर त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरायला घेतलं आणि 2003 मधे त्याचे निकाल छापले. लोक हसले असतील, पण 2016 मधे युगांडात सुमारे तीनशे पुरुषांवर झालेल्या ट्रायलमधे तसलीच स्वस्त जाळी आणि महागडी कंपनीची जाळी यांचा एक वर्षाचा निकाल सारखाच आला. (घरची मच्छरदाणी घेऊन जाऊ नका, ती खास तपासून, निर्जंतुक केलेली असते.) आणि पुण्याचे डॉ. मोहन देसरडा, यांनी जाळीच नको म्हणून पेशंटच्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरून भिंत शिवायची पद्धत काढली, 2001 मधे छापली, देसरडा रिपेअर या नावानेच ती जगभर ओळखली जाते. जाळी नकोच असेल तर ती येणारा सर्जन शोधा, पण मोठ्यांमधे आज नेहमीची पद्धत जाळीचीच.

भूल कोणती देतात?

ओपन असेल तर कमरेतून, किंवा नुसती त्या जागेवर सुद्धा चालते, म्हणून हार्टच्या म्हाताऱ्या पेशंटचंही करता येतं. दुर्बिणीला सहसा पूर्ण भूल.

खर्च, कार्ड, मेडिक्लेम?

आकडा सांगत नाही कारण हॉस्पिटल, रूम आणि जाळी बदलली की आकडा बदलतो. एस्टिमेट मागताना जाळीची किंमत वेगळी लिहून घ्या आणि जाळी अडकवायला टॅकर लावणार का विचारा, तो महाग असतो आणि प्रत्येकाला लागतोच असं नाही.

आयुष्मान कार्ड असेल, आपल्याकडे मा योजनेत मिळून गेलेलं, तर गुजरातमधे 2023 पासून घराला वर्षाला दहा लाखांपर्यंत कव्हर आहे. सत्तरीच्या वर असाल तर ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न बघता वय वंदना कार्ड निघतं. ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलच्या आयुष्मान काउंटरवर जाऊन तुमचं ऑपरेशन तिथे कार्डावर होतं का ते विचारून या, नंतर विचारलं तर फक्त भांडणं होतात. मेडिक्लेमवाल्यांनी पॉलिसी काढून किती दिवस झाले ते बघा, बहुतेक पॉलिसीत हर्नियाला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो. गाठ दिसल्यावर पॉलिसी घ्यायला धावणारे बरेच असतात, त्यांच्यासाठीच तो आहे.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, प्लीज. दुकानात येऊन "ऑपरेशन आहे म्हणून बंद केली" असं सांगणारे भेटतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. काही गोळ्या चालू ठेवून ऑपरेशन होतं, काही थोडे दिवस आधी थांबवाव्या लागतात, ते हार्टचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो आधी सांगा, कारण ऑपरेशननंतर लघवी अडकते ती याच लोकांची. जुना खोकला असेल तर आधी तो आटोक्यात आणा, नाहीतर ताज्या टाक्यांवर खोकत बसाल.

ऑपरेशन झाल्यावर अंडकोश काळानिळा झाला, सुजला. काहीतरी बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही. आतलं रक्त आणि पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं, दोन-तीन आठवड्यांत रंग पिवळा पडून जातो. दुर्बिणीनंतर जिथे गाठ होती तिथेच परत गाठ लागते, लोक रडकुंडीला येतात, पण ते मोकळ्या जागेत साचलेलं पाणी असतं आणि सहसा आपोआप जिरतं, सुईने काढायचा आग्रह धरू नका. घट्ट सपोर्टर किंवा चड्डी घाला. चिरेच्या आजूबाजूला बधिर वाटणंही कॉमन आहे. मात्र ताप, पू, लघवी न होणं, सूज तासातासाला वाढणं किंवा पोटरीत दुखून पाय सुजणं, यातलं काही झालं तर फोन करायचा, व्हॉट्सॲपवर फोटो टाकून निळी टिक बघत बसायचं नाही.

खाणं?

पथ्य काही नाही, पोट साफ राहिलं पाहिजे एवढंच. पाणी, भाजी, फळं, रात्री इसबगोल. पेनकिलरमधे ट्रॅमाडॉल असेल तर त्याने बद्धकोष्ठ होतं, मग आणखी जोर, म्हणून डॉक्टरांना सांगून पोट साफ व्हायचं सिरप सोबत घ्या. भूक लागली की वरण-भात, खिचडी-कढी, तिसऱ्या दिवशी नेहमीचं जेवण.

नवरा-बायकोचं कधीपासून?

दुखत नसेल तेव्हापासून, सहसा दोनेक आठवडे. मर्दानगी जाते, मूल होत नाही, असलं काही नसतं. वृषणाच्या रक्तपुरवठ्याला इजा होणं क्वचित घडतं, परत परत ऑपरेशन झालेल्यांत जास्त, म्हणून तेवढं ऑपरेशनआधी विचारून घ्या.

परत होतो का? दुखणं राहतं का?

जाळी लावून चांगल्या हाताने केलेलं असेल तर परत व्हायचं प्रमाण शंभरात काहीच जणांचं. सिगरेट आणि खोकला चालू ठेवणाऱ्यांचं अर्थातच जास्त. माझ्या मते याच्याहून महत्त्वाचं, आणि कोणी न सांगणारं, ते म्हणजे दुखणं. दहातल्या एखाद्याला तीन महिन्यांनंतरही तिथे थोडंफार दुखत राहतं, बहुतेकांचं किरकोळ, पण थोड्या जणांचं रोजच्या कामात अडथळा आणणारं असतं. नसा चिमटल्या जाण्यामुळे ते होतं. आधीपासून खूप दुखत असणारे आणि तरुण पेशंट यांच्यात जास्त दिसतं. म्हणूनच त्रास नसताना घाईघाईत करू नका असं वर लिहिलंय.

ॲक्टिवा, ऑफिस, आखाडा, उत्तरायण, गरबा? कधीपासून?

चालायचं त्याच दिवशी संध्याकाळी, आणि जिने चढायलाही हरकत नाही. ॲक्टिवा जोरात ब्रेक मारताना, पाय टेकवताना कळ येत नसेल तेव्हा, साधारण आठवडा-दहा दिवस, पण मांडवीच्या गर्दीत नाही. टेबलखुर्चीचं काम आठवड्याभरात. जड उचलण्याबद्दल जुने सर्जन तीन महिने म्हणायचे, आता बरेच जण चार ते सहा आठवडे म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय गाइडलाइन तर म्हणते की झेपेल तसं लवकर सगळं सुरू करा. तुमच्या सर्जनने जे सांगितलं ते ऐका, त्यांनी आत काय केलंय ते त्यांनाच माहीत. दांडियाबाजारातल्या माणिकराव आखाड्यात जाणाऱ्या पोरांनी मात्र दंड-बैठका आणि मल्लखांब विचारल्याशिवाय सुरू करू नयेत, आणि सुरू करताना निम्म्याने. गणपती विसर्जनाला मूर्ती उचलणाऱ्यांत त्या वर्षी तुम्ही नाही, तुम्ही झांजा वाजवा.

पतंग उडवायला काही नाही, धाब्यावर चढताना सावकाश, फिरकी दुसऱ्याच्या हातात द्या. गरब्याचं म्हणाल तर आषाढ-श्रावणात ऑपरेशन उरकलं की अश्विनातल्या नवरात्रापर्यंत भरपूर वेळ मिळतो, पहिल्या दिवशी दोन ताळीचा संथ राउंड खेळा, ओढ बसली तर बाहेर येऊन बसा, सेव-उसळ खा, दुसऱ्या दिवशी परत जा.